सुशी आणि आमचे सोवळे

मुलांकडे पुण्या-मुंबईस जाऊन आलेली आपल्यातील वडीलधारी मंडळी हल्ली एकच कैफियत मांडतात. नातवंडांनी हौसेने कोरियन-जपानी उपाहारगृहात नेले; दारातून आत शिरताच सेवकवर्गाने एकमुखाने ओरडून स्वागत केले; कानठळ्या बसविणारी गाणी, हातात काड्या आणि पुढ्यात समुद्रशेवाळात गुंडाळलेला गार भात! निष्कर्षही ठरलेला असतो : मराठी संस्कृती बुडाली.

हा कांगावा आम्हांस मान्य नाही. मासा नको असेल तर काकडीची गुंडाळी मिळते, हे तरी या मंडळींनी विचारले होते काय?

आपले ताट तरी कोठे सोवळ्यातले आहे? जिच्यावाचून खानदेशी माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, ती मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांमुळे ती इकडे रुजली. एकादशीचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही दक्षिण अमेरिकेतलाच. जिलबी पश्चिम आशियातून आली. बुऱ्हाणपुराने तिच्यात मावा घातला आणि ती आपली करून टाकली.

कोरियनांचे उदाहरण तर मुद्दाम पाहण्याजोगे आहे. १९१० ते १९४५ या काळात त्यांनी जपानची सत्ता सोसली. त्यांची 'किम्बाप' ही जपानी गुंडाळीवरूनच आली, असे अनेक अभ्यासक मानतात. (कोरियाभिमानी मानीत नाहीत, तो भाग निराळा.) पण शिरक्याऐवजी भाताला तिळाचे तेल लावून त्यांनी तिला स्वतःची चव आणि स्वतःचे नाव दिले. शेजाऱ्याचे घेतले म्हणून घरची किमची टाकली नाही. सर्वांनी मिळून किमची घालण्याच्या त्यांच्या प्रथेस युनेस्कोने २०१३ साली वारसा म्हणून मान्यता दिली.

आणि आपण? खापरावर पुरणाचे मांडे टाकणारे हात आपल्या आळीत किती उरले, ते मोजावे. लग्नाच्या पंगतीत पनीर आणि मंचुरियन मिरवते. कळण्याची भाकरी आणि भरीत मागणाऱ्याकडे यजमान संकोचाने पाहतो. नातवंडांशी बोलताना आपणच हिंदीवर येतो. दोष मात्र त्या दोन काड्यांचा!

आमची सूचना साधी आहे. मंडळाच्या पुढील स्नेहसंमेलनाचे जेवण आचाऱ्याच्या ठरीव यादीवर सोडू नये. मांडे व्हावेत, आणि सुटीत आलेल्या मुलांना ते स्वतः हातांवर पसरून खापरावर टाकू द्यावेत. पहिले दहा-वीस फाटतील. ते आम्ही खाऊ.