उलटे ड्रिल दुकानात ठेवाच!

गॅरेजमध्ये नेहमी घडणारी गोष्ट आहे. गंजलेला बोल्ट सोडवताना त्याचे डोके तुटते आणि उरलेला तुकडा इंजिनाच्या हेडमध्ये अडकून बसतो. कारागीर नेहमीचे ड्रिल लावून जोर देतो. तुकडा निघत नाही, ड्रिल बाजूला सरकते आणि हेडमधले आटे खराब होतात. मग लहानसे काम मोठ्या खर्चाचे होते आणि गिऱ्हाईक तुटते ते वेगळेच.

आमच्या मते यात दोष कारागिराच्या हाताचा कमी आणि हत्याराच्या दिशेचा जास्त आहे. साधा बोल्ट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवला की आवळला जातो. नेहमीचे ड्रिलही त्याच दिशेने फिरते. म्हणजे जो तुकडा सोडवायचा, त्यालाच आपण आणखी आवळत असतो!

डाव्या ड्रिलचा पीळ आणि धार उलट असते. ते डावखुऱ्या माणसासाठी असते हा गैरसमज आहे. कारखान्यातील ज्या यंत्रांचे काही स्पिंडल उलट फिरतात, तेथेही ते लागते. गॅरेजमध्ये मशीन रिव्हर्सवर ठेवून ते चालवावे. धार लोखंडात रुतली की तोच जोर तुकडा सोडवण्याच्या कामी येतो. पुष्कळदा भोक पुरे होण्याआधीच तुकडा फिरत बाहेर येतो. नाही आला, तरी एक्स्ट्रॅक्टरसाठी भोक तयार झालेले असते.

मात्र घाई करू नये. आधी गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे. सेंटर पंच बरोबर मध्यावर मारावा. सुरुवात 3 मि.मी.ने करावी, वेग कमी ठेवावा. 8 मि.मी.च्या साध्या बोल्टच्या आट्यांसाठी मूळ भोक 6.8 मि.मी.चे असते, म्हणून 6 मि.मी.च्या पुढे जाऊ नये, नाहीतर आटे जातील. एक्स्ट्रॅक्टरवर फार जोर देऊ नये. तो कडक पण ठिसूळ असतो आणि आत तुटला तर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही. सायकलच्या डाव्या पेडलसारखे उलट आटे असतील, तर तेथे नेहमीचेच ड्रिल वापरावे.

आता आमच्या हार्डवेअरवाल्या बांधवांना दोन शब्द. "कोणी मागतच नाही, माल कशाला भरू?" असे दुकानदार म्हणतो. "बाजारात मिळतच नाही, मागू कशाला?" असे कारागीर म्हणतो. या दोघांच्या मध्ये गिऱ्हाइकाचे इंजिन खराब होते. दुकानदाराने 3 ते 8 मि.मी.पर्यंतचे चार-पाच नग तरी ठेवावेत आणि ते कशासाठी आहेत हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावे. गॅरेजवाल्यानेही एक संच घेऊन तो वेगळ्या डबीत, खूण करून ठेवावा, म्हणजे नेहमीच्या ड्रिलमध्ये मिसळणार नाही.

दुरुस्तीला आलेली गाडी ही आपल्याकडे अमानत असते. ती धड परत करण्यासाठी थोडी रक्कम हत्यारावर गेली, तर तो खर्च नव्हे, धंद्याचे भांडवल आहे.