फौजेतला सभासद आणि मागे राहिलेले घर



ऊसदर, उतारा आणि तोडणी याखेरीज दुसरा विषय या पानावर क्वचितच येतो. या खेपेस आम्ही जरा वेगळे बोलणार आहोत. वेगळे म्हणजे परके नव्हे. एक भाऊ शेतात आणि एक भाऊ फौजेत ही आपल्या भागाची जुनी वहिवाट आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ लावतात ते उगाच नव्हे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात आजही आपलीच पोरं कवायत करतात.

जवान निवृत्त होऊन आला की गाव त्याची मिरवणूक काढते. फेटा, हार, हलगी, चौकात बोर्ड. हे व्हावेच, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्या घरात काय चालते याची चौकशी कोणी करीत नाही. आमचे स्पष्ट मत आहे की, जवानाचे जाणे घराला जेवढे जड जाते तेवढेच, कधी कधी त्याहूनही जास्त, त्याचे परत येणे जड जाते.

आधी जाण्याचे बघू. वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ रजा, तीही सीमेवर शांतता असेल तर. मे २०२५ मध्ये रजेवर आलेल्या कित्येक जवानांना अर्ध्या रजेतून माघारी जावे लागले. आडसाली ऊस तुटायला १६ ते १८ महिने लागतात. लावणीला रजा काढली तर तोडीला तो घरी असेलच असे नाही. ‘फिल्ड’ला ठाणे असले की बायकापोरांना बरोबर नेता येत नाही. मग रात्रीची पाण्याची पाळी तिने धरायची, मुकादमाची मनधरणी तिने करायची, पोरांची फी आणि सासूचा दवाखाना तिनेच बघायचा. शेअर मात्र त्याच्या नावावर, सोसायटीचे खातेही त्याचेच. काम सगळे हिच्या माथी आणि सही लडाखला!

पूर्वी पत्र यायला पंधरवडा लागे. आता रोज फोन होतो. पण फोनवर ती म्हणते, “इकडं सगळं बरं हाय,” आणि तोही म्हणतो, “इकडं सगळं बरं हाय.” काळजी नको म्हणून दोघेही लपवतात आणि लपवलेले साठत जाते.

आता येण्याचे. शिपायाला पेन्शन मिळायला किमान १५ वर्षांची सेवा लागते. म्हणजे माणूस ऐन पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. इतकी वर्षे तो हुकुमाने चाललेला. घर तेवढीच वर्षे त्याच्यावाचून चालायला शिकलेले. तो विचारतो, “हे कुणाला विचारून केलं?” ती मनात म्हणते, “विचारायला होतं कोण?” दोघांचेही खरे आहे. पोरगं आईला विचारून बाहेर जाते, बापाला विचारायचे त्याच्या ध्यानातही येत नाही. बापाला तो अपमान वाटतो. कोणाला रात्री झोप लागत नाही, कोणी फटाक्याने दचकतो. असले काही सांगितले की आपण म्हणतो, “फौजी गडी, त्याला काय होतंय!” आणि वर कॅन्टीनची बाटली मागायला त्याच्याच दारी जातो. त्याला आधार द्यायचा सोडून आपण त्याला व्यसनाची वाट दाखवतो.

काही जुनी मंडळी म्हणतात, बाईच्या हाती कारभार गेला म्हणून घर बिघडते. हे आम्हाला मान्य नाही. तिने कारभार केला म्हणूनच ऊस उभा राहिला आणि त्याला परत यायला घर राहिले. तो आला म्हणून तिला चुलीपुढे ढकलणे हा अन्याय आहे. त्याला पाहुण्यासारखे ओट्यावर बसवून ठेवणे हाही अन्यायच. एक हंगामभर दोघांनी मिळून कारभार बघावा, हिशेब तिने सांगावा आणि त्याने तो ऐकून घ्यावा. घरच्या वडिलधाऱ्यांनी कान भरू नयेत.

संस्था म्हणून आपल्यालाही करण्यासारखे पुष्कळ आहे. फौजेतल्या सभासदाची ऊसनोंद आणि बिलाचे काम पत्नीला करता यावे म्हणून रीतसर अधिकारपत्र घेऊन ठेवावे. शेती खात्याने अशा घरांची वेगळी यादी करावी, म्हणजे तोडीच्या चिठ्ठीसाठी त्या बाईला हेलपाटे पडणार नाहीत. लक्ष्मीमुक्ती योजनेखाली ७/१२ वर पत्नीचे नाव लावता येते, ते लावावे. बांधाचा दावा लागला तर घाबरू नये. सीमेवर असलेल्या जवानाच्या माघारी दावा एकतर्फी निघू नये म्हणून १९२५ सालचा कायदा आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावे. निवृत्तांसाठी २००३ पासून ई.सी.एच.एस. ही औषधोपचाराची योजना आहे. मनाच्या दुखण्यालाही डॉक्टर असतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

हे आत्ताच सांगण्याचे कारण आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेप्रमाणे चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के पोरं फौजेत राहणार, बाकीची पेन्शनवाचून घरी येणार. ऐन विशीतली ही पोरं मिरवणूक संपल्यावर कुठे जातील याचा विचार गावाने आणि कारखान्याने आधीच करून ठेवला पाहिजे.

तो तिकडे राखणीला उभा होता तेव्हा त्याचे घर राखणे हे आपले काम होते. तो परत आल्यावरही ते काम संपत नाही, एवढेच आमचे सभासदांना सांगणे आहे.