बिबट्या उसातलाच, मग विद्यापीठ कुठंय?

बिबट्याने हल्ला केला की दोन वाक्यं ठरलेली. शहरातून एक येतं, "आपणच त्यांच्या जंगलात घुसलो ना!" गावातून दुसरं, "सगळे पकडा आणि न्या कुठेतरी." मला आता दोन्हींचा वैताग आलाय.

आधी पहिलं. जुन्नर, शिरूर, संगमनेर, अकोल्याच्या बागायती पट्ट्यात धरणं झाली, कालवे आले, मागोमाग ऊस आला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. दाट, गार, पाणी जवळ. मादी तिथेच विते, बछडे तिथेच वाढतात. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोल्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली आला: शेती-वस्तीच्या भागात दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ प्रौढ बिबटे. खाण्याचा अभ्यास केला तर ८७ टक्के पाळीव जनावरं, त्यातली ३९ टक्के एकटी कुत्रीच. म्हणजे हा जंगल हरवून आलेला पाहुणा नाही. आपल्या शिवारातलाच आहे.

आता दुसरं. 'पकडून न्या' हे जुन्नरला करून झालंय हो. २००१ नंतर बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले. त्याचा हिशेब २०११ साली प्रसिद्ध झाला. जिथे सोडले त्या जंगलांजवळ माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, ते १७ झाले!

आणि तरीही २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड परिसरात महिन्याभराच्या आत तीन जीव गेले. त्यात दोन लहान मुलं. त्या घरांना "सहजीवन शिका" सांगायची माझी तरी हिंमत नाही.

मग प्रश्न कुणाचा? वनखात्याचा, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण प्राणी राहतो पिकात, आणि पिकाचं शास्त्र आहे कृषी विद्यापीठाकडे. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ या पट्ट्याला अगदी लागून. त्याचंच पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासूनचं. को ८६०३२ तिथल्याच शिफारशीने आपल्या रानात आला. उतारा, साखर, पाणी, खोडकिडा, सगळं तिथे काटेकोर मोजतात. तितक्याच काटेकोरपणे हेही मोजा ना. पट्टा पद्धतीच्या उसात मादी कमी विते का? घराभोवती थोडी जागा सोडून तिथे बुटकं पीक घेतलं तर फरक पडतो का, आणि त्यात होणारा तोटा किती? तोडणी गावाकडून सुरू करावी की गावाच्या दिशेने? तोडणी कामगारांच्या कोप्या कुठे असाव्यात? जिथे अजून रात्रपाळीची वीज आहे, तिथे पाणी दिवसा दिलं तर धोका किती घटतो?

याची उत्तरं एकट्या प्राणिशास्त्रज्ञाला देता येणार नाहीत आणि एकट्या ऊसतज्ज्ञालाही नाही. दोघांनी एकाच बांधावर चार-पाच हंगाम काढायला हवेत.

कुणी म्हणेल, कृषी विद्यापीठाचं काम उत्पादन वाढवणं. बरोबर. पण अंधार पडल्यावर रानात पाऊल टाकायला जो घाबरतो, त्याचं उत्पादन कसं वाढणार? शेळी गेली, मजूर येईनासा झाला, हा तोटा एकरी हिशेबात का धरायचा नाही?

शिवाय निष्कर्ष इंग्रजी जर्नलमध्ये छापून भागणार नाही. नव्या वाणाची शिफारस जशी शेतकरी मेळाव्यात साध्या मराठीत मिळते, तशीच हीही मिळाली पाहिजे. पिंजऱ्यांना पैसा मिळतो, मग प्रयोगाच्या दहा एकरांना का मिळू नये?

असो. पटलं नसेल तर जरूर भांडा. फक्त ती दोन ठरलेली वाक्यं सोडून.