विश्लेषण : एसीचे बिल रिमोटवर ठरते की भिंतीवर?

विदर्भात एप्रिल सुरू झाला की फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मे महिन्याच्या वीजबिलाची धास्ती वाटू लागते. ‘एसी २४ अंशांवर ठेवा’ हा सल्ला आता पाठ झाला आहे. तो चुकीचा नाही. पण नागपूर किंवा चंद्रपुरात शेवटच्या मजल्यावर, पश्चिमेकडे खिडक्या असलेल्या घरात राहणाऱ्याचे बिल तेवढ्याने आवरत नाही. असे का होते?

२४ अंशांचा आग्रह कशासाठी?

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या (बीईई) नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती एसी सुरू करताच २४ अंशांवर आला पाहिजे. पुढे तो कितीही कमी-जास्त करता येतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी ही मुभा २० ते २८ अंशांपुरती ठेवण्याचा विचार जाहीर केला. सरकारची चिंता विजेच्या कमाल मागणीची आहे. ३० मे २०२४ रोजी ही मागणी २५० गिगावॉटवर गेली होती.

तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे बीईई सांगते. यामागचे गणित सोपे आहे. बाहेर ४४ आणि घरात २४ अंश असतील तर फरक २० अंशांचा. भिंतीतून आत येणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते. एसी २६ वर ठेवला तर फरक १८ अंशांवर येतो, म्हणजे दहा टक्के कमी. शिवाय यंत्रालाही काम हलके होते. पंखा सोबत चालू असेल तर २६ अंशही अंगाला पुरेसे गार वाटतात.

‘खोली लवकर गार व्हावी’ म्हणून १८ लावणाऱ्यांची मात्र फसगत होते. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालतो किंवा बंद असतो. आकडा कमी केल्याने त्याचा वेग वाढत नाही, तो फक्त जास्त वेळ चालतो.

बिल एकदम उडी का मारते?

महावितरणच्या घरगुती दराचे चार टप्पे आहेत : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा दर दुपटीहून अधिक, तिसऱ्याचा त्याहून चढा. एरवी महिन्याला १५० युनिट लागणारे घर घेऊ. मे महिन्यात एसीने रोज आठ तास, तासाला सरासरी एक युनिट घेतले, तर २४० युनिट वाढून एकूण ३९० होतात. यातले शेवटचे ९० युनिट तिसऱ्या टप्प्यात पडतात. म्हणून वापर अडीचपट झाला तरी बिल त्याहून जास्त पटीने वाढते, आणि वर १६ टक्के वीज शुल्कही त्याच प्रमाणात चढते.

याची दुसरी बाजू फायद्याची आहे. दोन अंश वाढवून एसीचे १२ टक्के, म्हणजे सुमारे २९ युनिट वाचवले, तर ते सगळे महागड्या टप्प्यातले असतात. नेहमीच्या ७५ वॉटच्या पंख्याऐवजी ३० वॉटच्या आसपास वीज घेणारा बीएलडीसी पंखा लावला, तर दिवसाला १६ तासांच्या वापरात महिन्याला २१-२२ युनिट कमी होतात. तेही याच टप्प्यातून.

उष्णता येते कुठून?

खरा प्रश्न इथे आहे. नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान पाहिले आहे. अशा दिवसांत गच्चीचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि साठवलेली उष्णता संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. बाहेर हवा सुटली तरी शेवटच्या मजल्यावरची बेडरूम भट्टीसारखी राहते, ती यामुळे. तिथे एसी हवेपेक्षा छताशीच झुंजत असतो.

जुन्या घरांच्या नऊ इंची विटांच्या भिंती उष्णता सावकाश आत येऊ देत. आता अनेक मोठ्या प्रकल्पांत अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या पातळ काँक्रीटच्या भिंती असतात. काम झटपट होते, पण विटेच्या तुलनेत काँक्रीटमधून उष्णता सहज आत येते. हलक्या एएसी ब्लॉकची भिंत याबाबत दोन्हींपेक्षा सरस. त्यात छज्जा नसलेल्या मोठ्या काचेच्या खिडक्या. ब्रोशरमध्ये त्या छान दिसतात, दुपारी चारनंतर मात्र त्या घर तापवतात. आतून जाड पडदा लावून फारसे साधत नाही, कारण काचेतून ऊन आत आलेले असते. ते बाहेरच अडवावे लागते : बांबूची चटई, हिरवी जाळी किंवा छज्जा. वाळ्याच्या ताट्या लावणाऱ्या पिढीला हे कुणी शिकवले नव्हते.

बिल वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे एसीचे बाहेरचे युनिट. ते अरुंद डक्टमध्ये किंवा बंदिस्त बाल्कनीत कोंबले की स्वतःच फेकलेली गरम हवा पुन्हा ओढते. धुळीने भरलेली जाळीही असाच भार टाकते. उन्हाळ्यात ती पंधरा दिवसांनी धुतलेली बरी.

कूलर काढून टाकावा का?

मुंबईत उत्तर सोपे आहे, दमट हवेत कूलर चालत नाही. विदर्भात एप्रिल-मे कोरडे असतात आणि कूलर एसीच्या काही अंश विजेत काम भागवतो. पाणी मात्र लागते. दिवसा कूलर, रात्री बेडरूममध्ये एसी आणि जूनचा दमटपणा सुरू झाला की फक्त एसी, ही विभागणी व्यवहार्य आहे. दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी नकोत. कूलरने सोडलेला ओलावा काढण्यातच एसीची वीज जाते.

खर्च कुणाचा, बिल कुणाचे?

एसी घरमालक घेतो, बिल भाडेकरू भरतो. साहजिकच स्वस्त यंत्र लागते. जुलै २०२२ च्या निकषांनुसार तीन ताऱ्यांना आयएसईईआर किमान ३.८, तर पाच ताऱ्यांना ५ हवा होता. म्हणजे तेवढ्याच गारव्यासाठी पाच ताऱ्यांना २४ टक्के वीज कमी. जानेवारी २०२६ पासून निकष आणखी कडक झाले आहेत, त्यामुळे जुना-नवा एसी ताडून पाहताना ताऱ्यांऐवजी हा आकडा पाहावा. लेबलवरची वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात, हेही लक्षात ठेवावे.

भिंतीचे तसेच आहे. बांधकामात वाचवलेला पैसा बिल्डरचा, त्यापायी वाढलेले बिल राहणाऱ्याचे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने आणलेली ‘इको निवास संहिता’ नव्या निवासी इमारतींच्या भिंती, खिडक्या आणि छतातून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालते. पण राज्ये ती आपल्या बांधकाम नियमांत घेत नाहीत तोवर बिल्डरला ती टाळता येते. एसीच्या रिमोटवर मर्यादा आणण्याची चर्चा गाजते आणि भिंतींच्या नियमाची होत नाही, हे प्राधान्य उलटे आहे.

छतांबाबत तेलंगणाने २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरण आणून ६०० चौरस यार्ड आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींना ते बंधनकारक केले. उभ्या असलेल्या इमारतीत गच्ची सामाईक असते. त्यामुळे पांढरा परावर्तक रंग किंवा चायना मोझेक यांचा निर्णय सोसायटीच्या सभेत व्हावा लागतो आणि खालच्या मजल्यांना त्यात रस नसतो. ठराव झाला तर रंगाचे काम फेब्रुवारीतच उरकावे. एप्रिलमध्ये गच्चीवर पाय ठेवायला मजूर मिळत नाहीत.