टक्केवारीत वाहून गेलेली पिले

माशाच्या पिलाला पोहायला शिकवावे लागत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. अमेरिकेच्या वायव्येकडील कोलंबिया आणि तिची उपनदी स्नेक या नद्यांवर मात्र गेली अनेक दशके सालमनची पिले तराफ्यांच्या टाक्यांत भरून, सरकारी खर्चाने, शेवटच्या धरणाखाली नेऊन सोडली जात आहेत. ज्याला निसर्गाने वाट शिकवून पाठवले त्याची वाट आधी अडवायची, मग त्याला वाहनात बसवायचे आणि अहवालात 'संरक्षण' अशी नोंद करायची! या प्रकाराला तंत्रज्ञानाचा विजय म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे.

आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सालमन' म्हणतात, परंतु तो मासा निराळा. खरा सालमन डोंगरातील ओढ्याच्या गोट्यांत जन्मतो. बर्फ वितळून आलेल्या पाण्याबरोबर पिलू समुद्राकडे निघते आणि याच प्रवासात त्याचे शरीर खाऱ्या पाण्यासाठी बदलत जाते. हा बदल मुदतीचा आहे. पाणी रेंगाळले म्हणून तो थांबत नाही. काही वर्षांनी तोच मासा आपल्या जन्मओढ्यात परततो आणि अंडी घालून मरतो. आयडाहोतील रेडफिश सरोवर समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर दूर आणि जवळजवळ २,००० मीटर उंचीवर आहे. या वाटेवर आज आठ धरणे उभी आहेत : कोलंबियावर चार, स्नेकवर चार. त्यांतील पहिले बॉनव्हिल १९३८ चे, शेवटचे लोअर ग्रॅनाइट १९७५ चे. १९९२ साली रेडफिश सरोवरात सॉकाय जातीचा एकच नर परत आला. एकच.

धरणे बांधताना चढणाऱ्या मोठ्या माशांसाठी पायऱ्या बांधल्या. उतरणाऱ्या पिलांचा विचार मुख्यतः नंतर झाला. टर्बाइनमधून जाताना पाण्याचा दाब एकाएकी घटतो आणि पिलाच्या पोटातील हवेची पिशवी फुटू शकते. पाते लागते, भोवऱ्यात अंग पिळवटते. म्हणून टर्बाइनच्या तोंडाशी जाळ्या बसवून पिले बाजूच्या मार्गात वळवली गेली. सांडव्यावरून अधिक पाणी सोडावे, यासाठी न्यायालयाला २००५ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये आदेश द्यावे लागले. सांडवा हा त्यातल्या त्यात सुखरूप मार्ग; पण खाली कोसळणाऱ्या पाण्यात हवा इतकी विरघळते की माशाच्या अंगात बुडबुडे होतात, म्हणून त्यालाही मर्यादा. संथ जलाशयांत पिले खाणारा एक स्थानिक मासा माजला, तर त्याला पकडून देणाऱ्यास इनाम ठेवले. अलीकडे आइस हार्बर धरणावर माशांना कमी इजा करणारी नवी टर्बाइन बसवली आहेत. या अभियंत्यांच्या कसबाबद्दल मला आदरच आहे. माझा आक्षेप त्यांच्या कामावर नाही, त्या कामावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर आहे.

२००८ च्या सरकारी आराखड्यात असे ठरले की, वसंतात उतरणाऱ्या पिलांपैकी ९६ टक्के आणि उन्हाळ्यात उतरणाऱ्यांपैकी ९३ टक्के पिले प्रत्येक धरणातून जिवंत निघावीत. आकडा भारदस्त आहे. पण धरणे आठ आहेत! ९६ टक्के आठ वेळा गुणले की उरतात ७२. ९३ टक्के आठ वेळा गुणले की ५६. म्हणजे आठही ठिकाणी 'उद्दिष्ट साध्य' अशी नोंद झाली, तरी शंभरातील २८ ते ४४ पिले वाटेतच संपली. त्यात जलाशयांत मेलेली आणि जखमी होऊन पुढे समुद्रात मेलेली धरलेलीच नाहीत. सरकारी नोकरीत असे तक्ते तपासण्यात माझे आयुष्य गेले. प्रत्येक टेबलावर काम चोख आणि अर्जदार मात्र रिकाम्या हाताने परत, हे दृश्य मला अपरिचित नाही. एकेका धरणाचा हिशेब जुळतो. नदीचा हिशेब कोणाच्याच टेबलावर नसतो.

खरी कसोटी एकच : गेलेल्या पिलांपैकी परतली किती? तेथील नियोजन मंडळाने शंभरामागे दोन ते सहा, सरासरी चार, हे लक्ष्य ठेवले आहे. स्नेकचा जंगली चिनूक बहुतेक वर्षी दोनसुद्धा गाठत नाही. समुद्र तापला, नद्या तापल्या, हे खरेच. पण तापलेल्या जगात जीवाला मोकळ्या, वाहत्या पाण्याची गरज वाढते, कमी होत नाही.

स्नेकवरील चार धरणांचे मातीचे बांध फोडून नदी मोकळी करावी, ही मागणी जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते. समोरचा पक्ष म्हणतो की, ही धरणे धूर न सोडता सरासरी सुमारे १,००० मेगावॅट वीज देतात आणि गव्हाचे तराफे ल्युइस्टनपर्यंत नेतात. हे नाकारता येत नाही. परंतु विजेला पर्याय उभारता येतो, गव्हाला रेल्वे आहे. संपलेल्या वंशाला पर्याय नाही. शिवाय १८५५ च्या तहांनी तेथील आदिवासी राष्ट्रांना त्यांच्या नेहमीच्या जागी मासेमारीचा हक्क दिलेला आहे. त्यांपैकी सिलायलो धबधब्याची जागा १९५७ मध्ये जलाशयात बुडाली. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने चार राष्ट्रांशी व दोन राज्यांशी करार करून आशा दाखवली, आणि जून २०२५ मध्ये तो मोडला. उलट क्लॅमथ नदीवरील चार धरणे २०२४ मध्ये काढून झाली, तेव्हा त्याच शरदात सालमन शतकाहून अधिक काळ बंद असलेल्या पाण्यात पोहोचला. माशांना निमंत्रण पाठवावे लागले नाही.

हे दूरच्या देशाचे रडगाणे कशाला, असे कोणी विचारील. लोअर ग्रॅनाइट ज्या १९७५ साली सुरू झाले, त्याच वर्षी आपले फराक्का सुरू झाले आणि अलाहाबादपर्यंत चढणारी गंगेची हिल्सा वर दिसेनाशी होत गेली. हिल्सेची पिलेही समुद्राकडेच परततात. भरुचजवळ नर्मदेत शिरणारी हिल्सा आम्हां बडोदेकरांना परकी नाही; भाडभूतच्या बंधाऱ्याला तेथील मच्छीमारांनी विरोध केला तो याच भीतीने. अमेरिकेने निदान पिले मोजली, म्हणून तिची चूक आकड्यांत दिसते. आपण मोजलेच नाही, म्हणून आपली पाटी कोरी दिसते. कोरी पाटी म्हणजे निर्दोष पाटी नव्हे.