स्थळ बघायला कुर्ल्याला!

गेल्या रविवारी अस्मादिक कुर्ल्याला स्थळ बघायला गेले होते. दचकू नका! स्थळ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, तोही सेकंडहँड.

त्याचं झालं असं, की माझी १५ वर्षांची, तीन लिटरची ऑटोमॅटिक जर्मन सेडान (पहिल्या बोनसची कमाई, बाबांच्या भाषेत 'पांढरा हत्ती') साठ-सत्तरच्या स्पीडला थरथरायला लागली. जणू सलग रम्बलरवरून चाललीय. "कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच गेलाय," गॅरेजवाले काका म्हणाले. नव्याचं कोटेशन बघून मीही थरथरलो. त्यात गणपतीला आई-बाबांना गावी न्यायचं कबूल केलेलं. मग काय, चलो सीएसटी रोड!

दुकानदाराने काळा रंग मारलेला चकाचक कन्व्हर्टर समोर ठेवला. फक्त ९ हजार! मी पाकीट काढलं, काकांनी हात धरला.

कारण सोपं आहे. कन्व्हर्टरमध्ये समोरासमोर दोन पंखे, मध्ये स्टेटर आणि भरपूर तेल. इंजिन एक पंखा फिरवतं, तेलाच्या झोताने दुसरा फिरतो. म्हणूनच घोडबंदर रोडच्या सिग्नलला गाडी गिअरमध्ये असूनही इंजिन बंद पडत नाही. पण हा सगळा संसार वेल्डिंग करून बंद. आत डोकावायची सोय नाही.

काकांनी मग परीक्षा घेतली. ऑइल सील बसतो त्या हबवर ओरखडे? नाहीत. तापून निळे पडलेले डाग? नाहीत. आत बोट घालून स्टेटर फिरवला. एका बाजूला फिरला, उलट बाजूला अडला. पास! शेवटी आतलं तेल पांढऱ्या कागदावर ओतलं. काळंकुट्ट, जळका वास, वर चंदेरी चमक. म्हणजे आधीच्या गिअरबॉक्सचा चुरा. तो नुसता धुऊन पूर्ण निघत नाही आणि पुढे माझा धडधाकट गिअरबॉक्स खातो. पैसे वाचवायला गेलो असतो आणि घाटात आई-बाबांसकट अडकलो असतो!

एक मित्र म्हणत होता, "यार, हाय-स्टॉल टाक, पिकअप बघ!" ड्रॅग स्ट्रिपवर ठीक आहे. तिथे इंजिन चढ्या आरपीएमला नेऊन गाडी सोडायची असते. आपल्या ट्रॅफिकमध्ये मात्र तो जास्त स्लिप होणार, तेल तापणार आणि गिअरबॉक्सचं आयुष्य घटणार.

शेवटी माझाच कन्व्हर्टर रीबिल्डला दिला. लेथवर कापून साफ करतात, क्लचचं नवं लायनिंग बसवतात, परत वेल्ड करून बॅलन्स करतात. जुन्यापेक्षा महाग, पण नव्यापेक्षा बराच स्वस्त.

तुम्हाला जुनाच घ्यायचा असेल, तर मंडळी, आधी स्थळाचं घराणं विचारा. तो काढला ती गाडी अपघातात गेली, की गिअरबॉक्स बसला म्हणून भंगारात आली? पहिलं उत्तर आलं तर पुढची बोलणी करा. दुसरं आलं तर चहा पिऊन निघा.

गाडी आता लोण्यासारखी चालते. बिल बाबांना अजून दाखवलेलं नाही.