वय नको, टेपर मोजा

नाशिकच्या सातपूर आणि अंबड वसाहतींतल्या वाचकांची या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच रकान्याबद्दल आहेत. व्हेंडर ऑडिटच्या तक्त्यात ‘यंत्राचे उत्पादन वर्ष’ विचारतात. तिथे 1984 लिहिलं की गुण कापले! यंत्र एचएमटीचं असो की हरिहरचं किर्लोस्कर टर्नमास्टर लेथ, ऑडिटर ना डायल लावतो, ना टेस्ट मॅन्ड्रेल मागतो. नाडी न बघता जन्मदाखला मागणाऱ्या डॉक्टरकडे आपण गेलो असतो का?

जर्मन अभियंता श्लेसिंगरने 1927 साली यंत्रांच्या चाचणीचे तक्ते छापले. त्यांत स्पिंडलचा रनआउट आहे, बेडची सरळता आहे, टेलस्टॉकची उंची आहे; वयाला गुण नाहीत. सरकारी खाक्याही ऑडिटरसारखाच. सीएलसीएसएस योजना चालू होती तोवर नव्या यंत्राला 15 टक्के भांडवली अनुदान होतं. जुन्या लेथचा बेड ग्राइंड करून सॅडलखाली टर्साइट बसवणाऱ्याच्या वाट्याला मात्र काही नाही.

आता आपल्याविषयी. ऑडिटच्या आदल्या दिवशी हिरवा रंग मारायचा आणि ऑइल गन फिरवायची, हे किती वर्षं चालवणार? चकजवळचा बेड खाल्लाय, सॅडल खाली बसलंय, हाफ नट लीड स्क्रूला नीट धरत नाही, आणि मालक स्पिंडल बेअरिंगचं कोटेशन मागवतोय! आधी लेव्हल बघा. शेडचा पाया काळ्या मातीत असेल तर पावसाळ्यानंतर पुन्हा बघा. मग चकमध्ये जाडसर बार धरा, टेलस्टॉक लावू नका, अंतर सोडून दोन कॉलर हलक्या फिनिश कटने टर्न करा आणि मायक्रोमीटर लावा. दोन्ही व्यास जुळले नाहीत तर आधी लेव्हल, मग हेडस्टॉकचं अलाइनमेंट, मग जिब. एवढं करूनही टेपर राहिला तरच बेड ग्राइंडिंगचा खर्च काढा. या क्रमाने गेलात तर निम्मी कोटेशनं मागवावीच लागणार नाहीत.

किर्लोस्करांचा हरिहरचा कारखाना कधीच बंद पडला. सुटे भाग तिथून येणार नाहीत. गनमेटलचा नट इथेच ओतून घ्यावा लागेल, आणि निळा रंग लावून स्क्रॅपिंग करणारा फिटरही इथेच घडवावा लागेल. ते हात आता मोजकेच उरलेत. आयटीआयत मशीन टूल मेंटेनन्सचा ट्रेड आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या कारखान्याला अप्रेंटिस घेण्याची सक्ती नाही, पण मुभा आहे. ‘सक्ती नाही’ एवढंच वाचून थांबणाऱ्यांनी उद्या फिटर मिळत नाही म्हणून आम्हाला पत्र लिहू नये.

निमा आणि आयमा या इथल्या उद्योजक संघटनांना आमची विनंती आहे: एक चांगला स्ट्रेट एज, टेस्ट मॅन्ड्रेलचा संच आणि 0.02 मिमी प्रति मीटरची लेव्हल सभासदांना भाड्याने द्या. आणि सभासदहो, प्रत्येक यंत्राचा चाचणी तक्ता भरा, तारीख टाका, सही करा, यंत्रावरच लावा. पुढच्या ऑडिटला वर्षाच्या रकान्याशेजारी तो तक्ता जोडा, आणि गुण कापायचे असतील तर कुठल्या मायक्रॉनसाठी कापले ते लेखी मागा.